वर्गात इंटरॅक्टिव्ह बोर्ड घ्यावा का? आधी पाटी, मग बोर्ड

प्रश्न असा आहे: जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा. माजी विद्यार्थी आणि गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून दोन लाखांच्या आसपास रक्कम जमवली आहे. त्यातून इंटरॅक्टिव्ह बोर्ड, म्हणजे ज्यावर लिहिता येतं आणि चित्र हातानं हलवता येतं असा संगणकी फळा, घ्यावा असं शाळा व्यवस्थापन समितीचं मत आहे. मुख्याध्यापक सर विचारतात की यानं शिकवण्यात खरंच फरक पडतो का, कोणता घ्यावा, कुठल्या वर्गात बसवावा, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना त्याला हात लावू द्यावा का.

सर, बोर्ड जरूर घ्या. मात्र व्हिडिओ दाखवण्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. त्या कामाला मोठा टीव्ही बऱ्याच कमी पैशांत येतो. बोर्डाचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते एकाच गोष्टीसाठी: समोरचं चित्र मुलांच्या उत्तराप्रमाणे तिथल्या तिथे बदलता येतं. ज्या पाठात चित्र बदलायची गरज नाही, त्या पाठात हा बोर्ड फळ्यापेक्षा तसूभरही सरस नाही. मी उच्च प्राथमिक वर्गांना गणित-विज्ञान शिकवते आणि तालुक्यातल्या शिक्षकांची प्रशिक्षणंही घेते. त्यामुळे चांगले वापरले जाणारे बोर्ड पाहिले आहेत आणि फक्त पंधरा ऑगस्टला पुसले जाणारेही.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. 1987 मध्ये शाळांना किमान साधनं देण्याची खडू-फळा मोहीम सुरू झाली तेव्हा देशातल्या कित्येक शाळांत धड फळाही नव्हता. 2015 च्या राज्य सरकारच्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव तेव्हा घराघरांत पोचलं होतं. पुढे 2019 मध्ये केंद्र सरकारनं वर्गांसाठी ऑपरेशन डिजिटल बोर्ड सुरू केलं. या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली की पैसे उभे करण्यात आपलं गाव कुठेच कमी पडत नाही. खरा प्रश्न बोर्ड भिंतीवर चढल्यानंतर सुरू होतो.

याबाबत इंग्लंडचा अनुभव फार मोलाचा आहे. तिथे सरकारनं 2000 नंतरच्या काही वर्षांत शाळांना मोठ्या प्रमाणावर हे बोर्ड दिले. लंडनच्या माध्यमिक शाळांत काय झालं याचा अभ्यास इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशननं केला आणि तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी, गणित आणि विज्ञान विभाग बोर्डांनी पूर्ण सज्ज झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. प्राथमिक शाळांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात, जो 2006 मध्ये आला, असं दिसलं की बोर्डामुळे तासाचा वेग वाढला आणि गटकामाचा वेळ घटला. शिक्षकानं विचारायचं, एकानं थोडक्यात उत्तर द्यायचं आणि पुढे सरकायचं, ही जुनी घडी मात्र तशीच राहिली.

लंडनच्या अहवालातलं एक निरीक्षण मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. मुलानं बोर्डापर्यंत यायचं, काहीतरी ओढायचं, टाळ्या घ्यायच्या आणि जागेवर जायचं, यालाच काही वर्गांत मोठं महत्त्व आलं, आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या वर्गांत ते जास्त झालं. म्हणजे ज्यांना विचार करायला सर्वांत जास्त वेळ हवा होता, त्यांच्या वाट्याला चित्र इकडून तिकडे सरकवणं आलं. आपल्याकडे हे मी डोळ्यांनी पाहते. आंब्याचं चित्र टोपलीत टाकलं की टिंग असा आवाज येतो, एक मूल खूश होतं आणि बाकीची पस्तीस मुलं आपला नंबर कधी येतो याची वाट बघत बसलेली असतात. त्या पस्तिसांनी त्या तासाला काय केलं? काहीच नाही.

म्हणून माझा सगळा भर पाटीवर आहे. मुलांच्या हातात पाटी हवीच, दगडी असो, पत्र्याची असो की प्लास्टिकची. बोर्डावर काहीही हलवण्याआधी काय होईल याचा अंदाज प्रत्येक मुलानं पाटीवर लिहायचा किंवा काढायचा. सगळ्यांनी पाट्या वर करायच्या. शिक्षकानं नजर फिरवायची, वेगवेगळी उत्तरं असलेल्या दोन-तीन मुलांना बोलतं करायचं आणि मगच एकाला बोर्डावर पडताळा घ्यायला बोलवायचं. एवढ्यानं बोर्ड सगळ्या वर्गाचा होतो. बोर्डापाशी एकच मूल असलं तरी प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

आठवीतल्या त्रिकोणाच्या शिरोलंबांचा पाठ घ्या. फळ्यावर आपण नेहमी एक देखणा लघुकोन त्रिकोण काढतो, वरच्या टोकातून पायावर लंब टाकतो आणि मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की लंब त्रिकोणाच्या पोटातच असतो. मग विशालकोन त्रिकोण आला की मुलं लंब तिरका काढतात, पण आतच काढतात. जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाया स्थिर ठेवा, वरचा शिरोबिंदू पायाला समांतर रेषेवर सरकेल असा बांधा आणि लंब काढून ठेवा. आता वर्गाला सांगा, हा बिंदू मी उजवीकडे पार पायाच्या टोकापलीकडे नेणार आहे, तेव्हा लंब कुठे पडेल ते पाटीवर काढा. बहुतेक पाट्यांवर लंब आतच असतो. दोन-चार मुलं पाटी वर करायला कचरतात, त्यांच्याकडे आवर्जून बघा, कारण त्यांना काहीतरी खटकलेलं असतं. मग एका मुलीला बिंदू सरकवायला सांगा, सावकाश. लंबाचा पाय पायावरून घसरत कोपऱ्याकडे जातो. कोपऱ्यावर पोचला की लंब आणि बाजू एकच होतात, तिथे थांबवा आणि हा कोणता त्रिकोण झाला ते विचारा. काटकोन त्रिकोण, हे उत्तर वर्गातूनच येतं. बिंदू आणखी पुढे गेला की लंब बाहेर पडतो. माझ्या वर्गात एकदा मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, पाया वाढवायला लागणार!" त्या मुलाला ही गोष्ट पुन्हा कधी सांगावी लागली नाही.

मग विचारा की क्षेत्रफळ बदललं का. त्रिकोण लांबुळका, वाकडा दिसत असतो, मुलं बदललं म्हणून पैजा लावतात. पाया तोच, उंची तीच, मग निम्मा गुणाकारही तोच. यावर जे भांडण होतं ते होऊ द्या, पाच-सात मिनिटं गेली तरी चालतील.

हेच फळ्यावर करायचं तर मला पाच त्रिकोण काढावे लागले असते. मुलांच्या दृष्टीनं ते पाच वेगळे त्रिकोण असतात. बोर्डावर एकच त्रिकोण पाच अवस्थांतून जातो आणि मुलांना कळतं की लंबाचा नियम एकच आहे, फक्त त्रिकोणाचा आकार बदलतोय. बोर्डाचे पैसे वसूल होतात ते इथे.

असे पाठ शोधायला लागलं की पुष्कळ सापडतात. 0.35 आणि 0.4 यांत मोठं काय, असं विचारलं तर पाचवी-सहावीची बरीच मुलं 0.35 म्हणतात, कारण 35 हा 4 पेक्षा मोठा. संख्यारेषा बोर्डावर घेऊन 0 आणि 1 मधला भाग मोठा करत न्या, दहा भाग, मग त्यातल्या एकाचे पुन्हा दहा भाग. आधी पाटीवर जागा दाखवायला लावायची, अर्थातच. सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा आहेत, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. वहीतल्या त्या वेड्यावाकड्या वर्तुळांतून डोंगर उभा करणं मुलांना फार अवघड जातं. गूगल अर्थवर कळसूबाई उघडा, 1646 मीटरचं आपलं सर्वांत उंच शिखर, आणि ते वरून, बाजूनं, तिरकं असं फिरवून दाखवा. रेषा जिथे जवळजवळ आहेत तिथे कडा आहे की पठार, हे पाटीवर लिहून घेऊन मग त्या बाजूला वळवा. त्यानंतर आपल्या गावाजवळचा डोंगर किंवा टेकडी घ्या. तिथे मुलं गुरं घेऊन गेलेली असतात. ती आपल्याला सांगतात, "सर, इकडून चढताच येत नाही."

भाषेच्या तासाला बोर्डाचा सर्वांत चांगला उपयोग मला फुकटात सापडला. मुलाच्या वहीतल्या निबंधाचा मोबाइलवर फोटो काढायचा, त्याची परवानगी घेऊन, नाव झाकून तो बोर्डावर घ्यायचा आणि सगळ्या वर्गानं मिळून त्यावर काम करायचं. "आम्ही जत्रेला गेलो आणि मग पाळण्यात बसलो आणि मग जिलेबी खाल्ली आणि मग घरी आलो." यातले 'आणि मग' एकेक करून खोडायला सांगा आणि प्रत्येक वेळी वाक्य मोठ्यानं वाचायला लावा. कुठे पूर्णविराम देता येतो, कुठे 'नंतर' बसतं, कुठे काहीच लागत नाही, हे मुलंच ठरवतात. छापील स्वाध्यायात ही गंमत येत नाही, कारण ते वाक्य कुणाचंच नसतं. शिवाय मूळ फोटो जपलेला असतो, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं लेखन शेजारी-शेजारी ठेवता येतं.

यातूनच बोर्डाचा आणखी एक मोठा गुण दिसतो. फळा पुसला की गेला. इथे सोमवारचं पान बुधवारी जसंच्या तसं उघडतं, त्यावर दोन मुलांची चुकलेली उत्तरंही असतात. बुधवारी त्याच मुलांना विचारा, आता काय बदलशील? माझ्या मते जतन करण्याची ही सोय सगळ्यांत कमी वापरली जाते. पान पीडीएफ करून पालकांच्या गटावर टाकलं तर गैरहजर मुलांनाही मिळतं. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलांपर्यंत काही तरी पोचवायचं असेल तर एवढं करणं आपल्या हातात आहे.

आता जिथे बोर्ड वापरू नये ते सांगते. विजेचा परिपथ शिकवताना आधी सेल, वायर आणि छोटा बल्ब मुलांच्या हातात द्या. बल्ब पेटला नाही म्हणून सेल उलटा करून बघणारं मूल जे शिकतं ते पडद्यावर शिकता येत नाही. हे झाल्यावर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या संकेतस्थळावरची परिपथाची हलती प्रतिकृती लावा. तिथे वायरमधले इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, जे हातातल्या वायरमध्ये कधीच दिसणार नाहीत. फेट मोफत आहे, त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती मराठीत आहेत आणि उतरवून ठेवल्या तर इंटरनेटशिवाय चालतात. पाढे, शुद्धलेखन, कविता म्हणणं, फळ्यावर उदाहरण पायरी-पायरीनं सोडवणं, यांत बोर्डाची काही गरज नाही. बियाणं उगवताना पाहायचं तर मटकी भिजवा.

आणि वेग. इंग्लंडच्या त्या अभ्यासात दिसलेली घाई आपल्याकडेही तशीच येते, कारण पुढचं पान एका बोटावर असतं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. बोर्डावर पडदा कोरा करायची सोय असते, ती शिकून घ्या. प्रश्न विचारा, पडदा कोरा करा, पाट्यांकडे बघा. चित्र समोर असेपर्यंत मुलं चित्राकडेच बघतात.

खरेदीचं बोलू. आज दोन मुख्य पर्याय आहेत: प्रोजेक्टरसह पांढरा बोर्ड, किंवा एकसंध पॅनेल, म्हणजे स्पर्शानं चालणारा मोठ्या टीव्हीसारखा पडदा. प्रोजेक्टर घ्यायचा तर खोली अंधारी करावी लागते, लिहिणाऱ्याची सावली पडते, लेखणी आणि चित्र जुळवून घेण्याची कटकट पुन्हा पुन्हा येते. तुमच्या रकमेत 75 इंची पॅनेल बसायला हरकत नाही, तेच घ्या. मात्र एक हिशेब समितीला आधीच सांगा. 75 इंच हे कर्णाचं माप आहे. प्रत्यक्षात पॅनेल साधारण साडेपाच फूट रुंद आणि तीन फूट उंच असतं. आपला फळा आठ बाय चार असेल तर पॅनेलचं क्षेत्रफळ त्याच्या निम्म्याच्या जवळपास भरतं. म्हणून फळा काढू नका आणि पॅनेल फळ्याच्या मधोमध तर मुळीच ठोकू नका. शेजारी बसवा. एका बाजूला चित्र बदलत राहील, दुसऱ्या बाजूला उदाहरणाच्या पायऱ्या तासभर डोळ्यांसमोर राहतील. अक्षराचा आकार ठरवायचा असेल तर शेवटच्या रांगेत स्वतः जाऊन बसा. मराठीत खालचे उकार आणि वरचे रफार लांबून आधी दिसेनासे होतात.

खिडकीसमोरची भिंत टाळा. बहुतेक पॅनेलमध्ये चौकटीतून अवरक्त किरणांचं जाळं सोडलेलं असतं आणि त्यात जे आडवं येईल त्याला ते स्पर्श समजतं. थेट ऊन पडलं, चौकटीत धूळ किंवा कोळिष्टक साचलं, तरी बोर्ड वेड्यासारखा वागतो. मुलगी लिहायला वाकली की तिची वेणी टेकते आणि भलतीकडेच रेष उमटते. शिक्षकांना वाटतं बिघडला. तेव्हा कोरड्या मऊ कापडानं चौकट रोज पुसायचं काम एका मुलांच्या गटाकडे द्या.

सगळे पैसे पॅनेलवर घालू नका. त्यातली रक्कम अर्थिंग, चांगला यूपीएस किंवा इन्व्हर्टर, खिडक्यांचे पडदे आणि छताच्या गळतीसाठी बाजूला ठेवा. अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या आणि तो उन्हाळ्यात सुकतो, त्यात पाणी घालायची आठवण कुणाला तरी द्या. वळवाच्या पावसात विजा व्हायला लागल्या की पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि इंटरनेटची तारही काढायची. वीजबिल कोण भरणार याचा ठराव खरेदीआधी ग्रामसभेत किंवा समितीत करून घ्या. बिल थकून मीटर बंद झालेल्या शाळेत पॅनेलचा काही उपयोग नाही.

विक्रेता सोबत अभ्यासक्रमाचं तयार साहित्य विकायला बघेल आणि त्याचा परवाना काही वर्षांनी संपेल. घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी मंचावरचं साहित्य उघडतं, जिओजेब्रा आणि फेट आहेतच. ओपनबोर्ड हे लिहिण्याचं सॉफ्टवेअरही मोफत आहे, संगणक जोडला तर तेच वापरा. पैसे वाचले तर ते हमीची मुदत वाढवण्यात घाला, आणि दुरुस्तीचा माणूस कुठल्या गावातून येणार, किती दिवसांत येणार, हे लेखी घ्या.

बोर्ड कुठे बसवायचा, तर स्वतंत्र डिजिटल खोलीत नको. तिथे नेणं म्हणजे सहल होते, आठवड्यातून एकदा जायचं, व्हिडिओ बघायचा आणि परत यायचं. सहावी ते आठवीपैकी ज्या वर्गाच्या शिक्षकाला किंवा बाईंना मनापासून उत्सुकता आहे त्यांच्या वर्गात बसवा, इतर वर्ग तास बदलून तिथे येतील. किल्ली कार्यालयात ठेवू नका. बोर्ड जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत, चढला की शिक्षकांना भीती वाटते, काही झालं तर भरपाई आपल्या पगारातून जाईल. सर, तुम्ही मुख्याध्यापक म्हणून सर्वांसमोर सांगा की वापरताना बिघडला तर जबाबदारी शाळेची. हे वाक्य कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त काम करतं.

कंपनीचा माणूस येऊन दोन तासांत सगळी बटणं दाखवून जाईल. ते बघा, पण त्याला प्रशिक्षण समजू नका. दर महिन्याला एका शिक्षकानं एकच पाठ बांधायचा, आपल्या वर्गात घ्यायचा आणि आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो करून दाखवायचा. त्यावर बाकीच्यांनी एकच प्रश्न विचारायचा: बोर्डावर चित्र हललं तेव्हा बसलेली मुलं काय करत होती? केंद्रात दहा शाळा असल्या तरी वर्षभरात चांगल्या पाठांचा साठा तयार होतो.

राहिला पहिली-दुसरीचा प्रश्न. हात जरूर लावू द्या, त्यासाठी पॅनेलची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांच्या वर नेऊ नका. पण अक्षर गिरवणं बोर्डावर नको. काच गुळगुळीत असते, अख्खा हात खांद्यातून हलतो, बोटांना आणि मनगटाला काही वळण लागत नाही. त्यासाठी पाटी, वाळू आणि एकरेघी वहीच बरी. लहानांना बोर्डावर गोष्टीचं मोठं चित्र द्या, त्याचा अर्धा भाग झाकून ठेवा आणि झाकलेल्या भागात काय असेल ते एकमेकांना सांगू द्या. मग एकानं येऊन झाकण सरकवायचं. चार मुलं बोलायला लागली की पुढचं चित्र उघडायची घाई करू नका.